रक्ताच्या आकड्यावर जमीन विकायची की ठेवायची?

«डॉक्टर, माझे धाकटे दीर, वय ३४. आठ दिवसांपूर्वी रात्री गाडी घसरली, हेल्मेट नव्हतं. पुण्यात आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटरवर. आणलं तेव्हा ‘जीसीएस ६’ असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डोक्याचं ऑपरेशन झालं. अजून डोळे उघडलेले नाहीत. खर्च झेपत नाही, सासरे म्हणतात विहिरीजवळचा दीड एकर काढू. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याने वाचून कळवलं की तिकडे रक्ताच्या तपासणीवरून पेशंट जगणार की नाही ते आधीच समजतं. इथल्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, गरज नाही. बाहेरून करून घेऊ का? आकडा वाईट आला तर जमीन तरी वाचेल. हे लिहिताना लाज वाटते. जाऊबाईंना यातलं काहीच माहीत नाही.
— एक वहिनी, कराड तालुका»

ताई, लाजेचं आधी बोलू. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर हा हिशोब प्रत्येक घरात होतो. कुणी मोठ्याने करतं, कुणी रात्री पांघरुणात. मी बावीस वर्षं अशा वॉर्डात काढली आहेत आणि तुमचा प्रश्न मला शेकड्यांनी लोकांनी विचारलाय, फक्त ‘जमीन’ हा शब्द न उच्चारता. तुम्ही उच्चारलात, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

तपासणी करून घेऊ नका. कारण सांगतो, म्हणजे भाच्यालाही समजावता येईल. पोरगा खोटं बोलत नाहीये. त्याने जे वाचलंय ते खरंच आहे, पण ते तुमच्या दिरांच्या आजच्या परिस्थितीला लागू होत नाही.

डोक्याला मार बसला की मेंदूतल्या पेशी फुटतात, त्यांच्यातली काही प्रथिनं रक्तात उतरतात. जीएफएपी नावाचं प्रथिन मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींमधलं, यूसीएच-एल१ खुद्द चेतापेशींमधलं. तुम्ही कराडच्या, म्हणून असं सांगतो: पावसाळ्यात वर कुठे दरड कोसळली की प्रीतिसंगमावर कोयनेचं पाणी लालभडक येतं. घाटावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्याच्या रंगावरून कळतं की बरीच माती ढासळली. कुणाच्या वावरातली गेली, कुठल्या वाडीचा रस्ता तुटला, हे पाणी सांगत नाही. जीएफएपीचा आकडा म्हणजे हा रंग. मेंदूत हाताच्या बोटाएवढी जखम चुकीच्या जागी, मेंदूच्या देठात झाली, तर माणूस उठत नाही. कपाळामागे त्याहून मोठी झाली तर तो चालत घरी जाऊ शकतो, स्वभाव थोडा बदलतो इतकंच. त्यातली कुठली माती कुठून आली, हे रक्तातला एक आकडा सांगू शकत नाही.

मुळात ही तपासणी बाजारात आली तीच वेगळ्या कामासाठी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये या दोन प्रथिनांच्या चाचणीला पहिली मान्यता दिली, ती सौम्य इजेसाठी. डोकं आपटलंय, बोलतोय, चालतोय, सिटी स्कॅन करायचा की नाही, एवढाच तो प्रश्न. दोन्ही आकडे कमी असले तर स्कॅनमध्ये काही सापडण्याची शक्यता फार थोडी, म्हणून स्कॅन टाळता येतो. स्कँडिनेव्हियातले डॉक्टर हेच काम एस१००बी नावाच्या दुसऱ्या प्रथिनावर करतात, त्यांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे. २०२४ मध्ये ॲबट कंपनीच्या हातात मावणाऱ्या यंत्रालाही मान्यता मिळाली, १५ मिनिटांत उत्तर देतं, तेही इजा होऊन २४ तासांच्या आतल्या आणि शुद्धीवरच्या प्रौढ पेशंटसाठी. तुमच्या दिरांचा स्कॅन झालाय, कवटी उघडून झालीय. ज्या प्रश्नासाठी ती चाचणी बनली, तो प्रश्न पहिल्याच रात्री मिटला.

आता ‘जगेल की नाही’चं. भाच्याने बहुधा अमेरिकेतल्या १८ ट्रॉमा केंद्रांच्या ‘ट्रॅक-टीबीआय’ प्रकल्पाबद्दल वाचलं असणार. त्यातला एक अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १,६९६ जणांचं अपघाताच्या दिवशीचं रक्त घेतलं आणि सहा महिन्यांनी कोण कुठे आहे ते पाहिलं. मृत्यूचा अंदाज बांधण्यात जीएफएपीला ०.८७ आणि यूसीएच-एल१ला ०.८९ गुण मिळाले. या गुणांचा अर्थ भाच्याला नीट विचारा, पुष्कळ शिकलेली माणसं इथे चुकतात. ०.८७ म्हणजे ८७ टक्के खात्री असं मुळीच नाही. त्या यादीतून एक वारलेला आणि एक जगलेला असे दोन जण उचलले आणि फक्त आकडा दाखवून विचारलं की यातला गेलेला कोण, तर शंभरातल्या ८७ वेळा उत्तर बरोबर येईल. जोडी लावायच्या खेळात आकडा हुशार आहे. पण आयसीयूत जोडी नसते, एकटा तुमचा दीर आहे.

त्याच अभ्यासातला दुसरा गुण पाहा, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ‘हा माणूस पूर्ववत होईल का’ या प्रश्नाला जीएफएपीचे गुण फक्त ०.६२. नाणं उडवलं तरी ०.५० मिळतात. म्हणजे मरणाच्या टोकाला आकडा बरा बोलतो, आणि तुम्हाला, तुमच्या जावेला, सासऱ्यांना जे खरंच हवंय, तो ट्रॅक्टर चालवेल का, पोराला ओळखेल का, त्यावर आकडा जवळपास गप्प बसतो.

यातली आणखी एक मेख म्हणजे वेळ. त्या १,६९६ जणांचं रक्त अपघाताच्या दिवशीचं होतं. यूसीएच-एल१ साधारण आठ तासांत कमाल पातळी गाठून उतरू लागतं, जीएफएपी साधारण वीस तासांत. तुम्ही आठव्या दिवशी पाठवलेल्या रक्ताची तुलना कशाशी करायची? पूर ओसरल्यावर आठवड्याने घाटावर जाऊन पाण्याचा रंग बघण्यासारखं आहे ते. त्यात मधे ऑपरेशन झालंय, म्हणजे सर्जननेही मेंदूला हात लावलेला आहे, त्याचीही थोडी माती असणारच. आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्तात चढणारं आणखी एक प्रथिन आहे, एनएफएल, चेतातंतूंच्या आतलं. त्यावर चांगलं संशोधन चालू आहे. पण आज त्या आकड्यावर कुणी तुमच्या घरचा निर्णय घ्यावा अशा अवस्थेत ते नाही.

आणि ‘बाहेरून करून घेणं’ याबद्दल एक सावधगिरी. मोठ्या लॅबच्या दरपत्रकात तुम्हाला एनएसई (चेतापेशींमधलंच आणखी एक प्रथिन) सापडेल, कदाचित एस१००बी देखील. एनएसई तिथे असते ती मुख्यतः फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी, एस१००बी त्वचेच्या मेलानोमासाठी. काउंटरवरचा मुलगा पैसे घेईल आणि नळी पाठवून देईल. एनएसई लाल पेशींमध्येही भरपूर असते. सुई नीट बसली नाही, नळी गाडीत हादरली, पेशी फुटल्या, की नळीतलं वरचं पिवळं पाणी गुलाबी होतं आणि आकडा आपोआप फुगतो. एस१००बी चरबीतूनही येतं, तुमच्या दिरांचा पायही मोडला असेल तर पायाचा आकडा डोक्याच्या नावावर जमा होईल. अशा एका गुलाबी नळीवर दीड एकराचा फैसला करणार का?

मग डॉक्टर अंदाज कशावर बांधतात? वय, डोळ्यांतल्या बाहुल्या, सिटी स्कॅन आणि हातपायांची हालचाल. ‘जीसीएस ६’ म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी तो बनवला, कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ गुण. तोंडात नळी असली की बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत, डोळे सुजून मिटलेले असतात, म्हणून खरं बघायचं ते हालचालीकडे. सकाळी झोपेचं औषध थोडा वेळ थांबवतात तेव्हा तुम्हाला आत उभं राहू देतील का, विचारा. पुष्कळ ठिकाणी देतात.

डॉक्टर काय करतात ते बघा. आधी हाक मारतील, ‘डोळे उघडा, जीभ दाखवा, माझी बोटं दाबा.’ काही नाही झालं तर भुवईखालच्या हाडावर अंगठा ठेवून दाबतील. दुखतं ते, बघणाऱ्यालाही कसंतरी होतं, पण मागे सरू नका. आता हातावर नजर ठेवा. हात वर येऊन डॉक्टरांच्या अंगठ्यापर्यंत पोचला, तो बाजूला सारायला बघितला, तर ५. हात पोचला नाही पण नुसता झटकन मागे ओढला, तर ४. कोपर सावकाश दुमडून मूठ छातीकडे वळली तर ३. हात सरळ ताठ होऊन तळवा बाहेर फिरला तर २. काहीच नाही, १. सिस्टर हे रोज दर काही तासांनी एका कागदावर लिहितात. आठ दिवसांचा तो कागद बघायला मागा. ३ वरून ४ वर, मग परवा संध्याकाळी ५ वर, अशी चढ दिसली तर त्या कागदाची किंमत भाच्याच्या चाचणीपेक्षा जास्त. उतरण दिसली तरीही तेच.

या गोष्टी एकत्र करून अंदाज देणारी गणितं आहेत. त्यातलं एक ‘क्रॅश’ नावाच्या १०,००८ पेशंटांच्या अभ्यासातून आलं. ते पेशंट कोणत्या देशातला आहे हेही विचारतं, कारण तोच मार, त्याच बाहुल्या, पण गरीब देशात जास्त माणसं जातात. मला हा प्रश्न पहिल्यांदा संगणकावर दिसला तेव्हा जरा राग आला होता. नंतर वाटलं, खरं तेच विचारतोय बापडा. रक्तातली प्रथिनं या गणितांत मिळवली की जास्त मार लागलेल्यांच्या बाबतीत अंदाज थोडा सुधारतो, तो २०२२ चा अभ्यास हेही दाखवतो. थोडा. त्यामुळे तिकडचे लोक त्यावर काम करतायत ते वाया नाही, पुढे दहा वर्षांनी कदाचित प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ते यंत्र असेल.

माझीच एक चूक सांगतो. एकोणीस वर्षांचा मुलगा, टेम्पोच्या मागच्या फळीवरून पडलेला. चौथ्या दिवशी मी त्याच्या वडिलांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं, ‘फार काही उरलेलं नाही.’ स्कॅन वाईट होता, हालचाल २. वडील नुसते मान हलवत राहिले आणि बाहेर जाऊन बसले. घेऊन गेले नाहीत, कारण गावाला जायला अँब्युलन्सचेही पैसे नव्हते. हे खोटं नाही, त्या पोराला गरिबीने वाचवलं. पाच महिन्यांनी तो ओपीडीत आला, डावा हात थोडा वाकडा, बोलणं सावकाश. मला म्हणाला, ‘तुम्हीच का ते?’ काय उत्तर देणार. दुसरीकडे असेही पेशंट पाहिलेत ज्यांचं डोकं छान सुधारत होतं आणि तिसऱ्या आठवड्यात न्यूमोनियाने गेले. पहिल्या दिवशीच्या रक्ताला तो न्यूमोनिया माहीत नव्हता.

कॅनडातल्या सहा मोठ्या केंद्रांचा एक अभ्यास २०११ मध्ये आला. डोक्याला गंभीर मार लागलेले ७२० पेशंट, त्यातले ३१.७ टक्के दगावले. आणि त्या मृत्यूंपैकी ७० टक्के उपचार काढून घेतल्यावर झालेले. मृत्यूंमधलं हे प्रमाण एका केंद्रात ४५ टक्के, दुसऱ्यात ८७. तोच देश, तीच इजा. म्हणजे आम्ही म्हणतो ‘वाचणार नाही’, मग यंत्र काढतो, मग तो जातो, आणि आमच्या वहीत आमचं भाकीत खरं ठरतं. आपल्याकडे हे वेगळ्या नावाने होतं. ‘डामा’ तुम्ही ऐकलं असेल, सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. कागदावर सही, नळी काढतात, गाडीतून घरी. वाईट आकडा हातात पडला की डामाची सही किती पटकन होते ते मी पाहिलेलं आहे, आणि तुमच्या पत्रातल्या ‘जमीन तरी वाचेल’ या वाक्यात तोच रस्ता दिसतो.

त्याच अमेरिकी प्रकल्पातून २०२१ मध्ये आलेली माहिती अशी: गंभीर इजा झालेल्यांत दोन आठवड्यांनी स्वतःचं थोडंफार स्वतः करू शकणारे फक्त १२ टक्के होते. वर्षाने ते ५२ टक्के झाले. दोन आठवड्यांना जे डोळे उघडूनही काही समजत नसलेल्या अवस्थेत होते, त्यांच्यातले चारांत तीन वर्षभरात भानावर आले, आणि चारांत एकाला आपण कोण, कुठे, कुठला दिवस हे सांगता येऊ लागलं. हुरळून जाऊ नका, हे तिकडचं आहे, तिकडे महिनोन् महिने फिजिओ आणि पुनर्वसन मिळतं, आणि चारांतल्या तिघांना ते सांगता आलं नाही. पण आठवा दिवस हा निकालाचा दिवस नाही एवढं त्यातून घ्या.

तुमचे दीर जातील, राहतील, राहिले तर कसे, हे मी तुम्हाला इथून सांगू शकत नाही. जीसीएस ६ आणि ऑपरेशन म्हणजे मार मोठा आहे. डॉक्टरांना ‘जगेल का’ असं विचारू नका, त्यावर ते ‘देवाच्या हातात’ म्हणतील आणि तुम्ही दोघंही त्यातून सुटाल. असं विचारा: बाहुल्या दोन्हीकडे चालतायत का? हालचालीचा आकडा पहिल्या दिवशी किती होता, आज किती? परत स्कॅन केला का, मेंदूच्या देठात काही आहे का? गळ्यातून नळी घालायचा विचार कधी करणार? आणि सगळ्यात शेवटी, ‘तुमचा भाऊ असता तर किती दिवस थांबला असता?’ या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर खरं बोलतात.

आता पैसे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार बसतात आणि मेंदूचं ऑपरेशन, आयसीयू त्यात येतं. हॉस्पिटल योजनेत असेल तर खाली ‘आरोग्यमित्र’ म्हणून एक टेबल असतं. रेशनकार्ड, आधार घेऊन आजच जा. योजनेत नसेल तर विचारा की हे ट्रस्टचं हॉस्पिटल आहे का. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, तिथला समाजसेवक शोधा, तो सहसा स्वतःहून भेटत नाही. रस्ते अपघातासाठी केंद्राची दीड लाखांपर्यंतची, पहिल्या सात दिवसांची योजनाही मे २०२५ पासून आहे. पोलिसांत नोंद झालीय ना, आणि हॉस्पिटलने या योजनेत नाव घातलं होतं का, हे बिलिंगला विचारा. दिरांच्या गाडीच्या विमा कागदात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का ते सासऱ्यांना बघायला सांगा. त्यातून आयसीयूचं बिल भागणार नाही, पण कायमचं अपंगत्व आलं तर तो कागद लागेल, आणि तो कागद नेमका अशाच वेळी हरवतो.

हे सगळं संपल्यावरही पैसे लागले तर दीड एकर सगळा विकण्याआधी त्यावर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज बसतं का बघा. आणि कुठलाही कागद करायचा तर तिसरा आठवडा उलटू द्या. तोपर्यंत हालचालीचा कागद काहीतरी सांगेल. पुढेमागे, सगळे मिळून, उपचार आणखी वाढवायचे नाहीत असं ठरवलंत तर तोही मान्य रस्ता आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला वाट दिली आणि २०२३ मध्ये ती सोपी केली. पण तो निर्णय डॉक्टरांच्या मंडळासमोर, जाऊबाई खोलीत असताना व्हायचा आहे.

जाऊबाईंना अंधारात ठेवू नका. त्या त्यांच्या नवऱ्याच्या हातावर हात ठेवून बसतात, त्यांना आधी दिसेल की बोट हललं. सिस्टरांपेक्षाही आधी. त्यांना वरच्या पाच गुणांचं समजावून सांगा, वहीत तारखेवार लिहायला सांगा, सकाळी आणि संध्याकाळी.

आणि भाच्याला सांगा, तपासणीसाठी पाठवणार होतास ते पैसे तसेच बाजूला ठेव. काका घरी आले तर सहा महिने रोज फिजिओ लागेल, आणि त्याला कुठलीच योजना पुरी पडत नाही.